कोणता मोड बरा?

"एडिटरच्या या मोडमध्ये टॅग, म्हणजे कोडमधली कंसातली खूण, उघडला की आपोआप बंद होतो," निवृत्त टायपिस्ट बायकोला दाखवत होता. "त्या दुसऱ्यात हाताने बंद करायचा, पण विसरलो तर लाल दिसतो. वेबपेज लिहायला कोणता बरा, सांग."

"अहो, सगळे मोड पालथे घालून झाले. पान नेटवर टाकणार कधी?"

"घाईत चुका राहतात गं. अजून एक बघायचाय."

तिने पदराने चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे वाकून पाहिलं. लेकीच्या फोटोखाली 'हरवली आहे' असं ठळक अक्षरांत होतं. त्याखाली उंची, अंगावरचे कपडे, घरचा फोन नंबर.

"निदान एवढं तरी बदला," ती म्हणाली. "वय एकोणीस लिहिलंय. परवा तिला बाविसावं लागलं."