टिपणीससाहेबांची नक्कल

पडद्यावरच्या टिपणीससाहेबांची दाढी वाढली होती. खुर्चीतल्या टिपणीससाहेबांचे गाल गुळगुळीत होते. किमान वेतन वाढवायचं नाही, हे समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण नव्या कायद्याची एक कटकट उरली होती. सही करण्यापूर्वी अध्यक्षांची संगणकातली नक्कल त्याच पगारावर महिनाभर जगवून दाखवावी लागे. नकलेला आठवणी साहेबांच्या, अक्कल साहेबांची. फक्त पगार गोदामातल्या हमालाचा.

"काय रे, पैसे संपले?" साहेबांनी विचारलं.

"विसाव्या तारखेलाच," नक्कल म्हणाली. "खोलीचं भाडं गेलं, किराणा भरला आणि मग ताप आला."

"ताप!" साहेब समितीकडे बघून हसले. "ह्यांचं हे नेहमीचंच. हातात पैसा टिकतच नाही ह्या लोकांच्या. ऐपतीत राहायला आईबापांनी शिकवलं नाही का रे तुला?"

"शिकवलं की. पण राहायला फ्लॅटही बाबांनीच घेऊन दिला होता ना आपल्याला."

एक सदस्य उगाच खोकला. साहेबांचे कान लाल झाले.

"बंद करा हा आळशी माणूस!" ते समितीच्या सचिव मृदुला पाटणकरांवर खेकसले. "दुसरी नक्कल काढा. जरा कष्टाळू."

"काढते, सर," मृदुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण मग ती दुसऱ्या कुणाची तरी काढावी लागेल."