योआखिमच्या बाटल्या

"टोमॅटो पाणी पितो, गांजाही पाणीच पितो. यात शिकायचं काय डोंबल!"

डेटलेफने दुकानातल्या पोरीला हे ऐकवलं तेव्हा ती बिचारी काउंटरवर खताच्या दोन बाटल्या मांडून बसली होती. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात पहिल्यांदाच लावताय, तर ही 'अ' आणि ही 'ब', सुरुवातीला पाव प्रमाणातच घाला, असं तिचं म्हणणं. सरकारने घरात गांजाची झाडं लावायला मोकळीक दिल्यापासून माग्डेबुर्गमधले सगळे म्हातारे तिच्याकडेच येत होते, आणि सगळे तिलाच शिकवत होते. डेटलेफने बाटल्या परत सरकवल्या आणि घरी येऊन बागेतलं टोमॅटोचं खत बादलीत ढवळलं. बागमंडळाने दिलेली टोमॅटोची पदकं त्याच्या बैठकीच्या भिंतीवर आहेत. गांजाचं रोप लावलेली ती बादली त्याने मुद्दाम त्यांच्याच खाली ठेवली.

झाड पिवळं पडलं. मग पांढुरकं झालं. मग आजाऱ्यासारखं भिंतीला टेकलं.

भिंतीपलीकडे योआखिमकडे त्याच पुडीतल्या बीचं झाड छातीला लागलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण योआखिम बहिणीकडे समुद्रावर गेला आणि जाताना घराची चावी रोस्विताकडे, म्हणजे डेटलेफच्या बायकोकडे देऊन गेला. आमच्या इमारतीत कुणी गावाला गेलं की झाडांना पाणी शेजाऱ्याने घालायचं, ही रीतच आहे. फक्त पाणी घालायला कुणाला अर्धा तास लागत नाही.

"काय करत होतीस इतका वेळ?"

"गप्पा."

"कुणाशी? तो तर वाळूत उताणा पडलाय."

"झाडाशी," रोस्विता म्हणाली. "सगळं ऐकून घेतं बिचारं."

"आपल्या झाडाशी बोललीस कधी?"

"आजाऱ्याला त्रास देऊ नये."

दुसऱ्या दिवशी नळ गळतोय का बघतो, असं म्हणत डेटलेफ तिच्या मागोमाग योआखिमच्या स्वयंपाकघरात शिरला. खिडकीशी झाड उभं होतं, हिरवंगार, तेल लावल्यासारखं चकचकीत. पाणी मुळांवरून झुळझुळ वाहत होतं. रोस्विता वाकून म्हणाली, "कसा आहेस रे सोन्या?"

हे 'सोन्या' डेटलेफने शेवटचं ऐकलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

"पानांची टोकं करपलीत रे याची," ती काळजीने म्हणाली. डेटलेफ आशेने पुढे झाला. नुसती टोकंच करपली होती.

फळीवर दोन बाटल्या होत्या. त्याच, 'अ' आणि 'ब'.

"फोन करून विचार ना त्याला," रोस्विता म्हणाली. "आनंदाने सांगेल."

"म्हणूनच नाही विचारणार."

ती गॅलरीतल्या जिरॅनियमला पाणी घालायला गेली. डेटलेफने कोटातून काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी काढली. अर्धी 'अ' ओतली, तिच्यावर अर्धी 'ब' ओतली. चोरी दिसू नये म्हणून दोन्ही बाटल्या नळाच्या पाण्याने होत्या तितक्या भरल्या आणि झाकणं बाहीने पुसून जागच्या जागी ठेवली. मग बरणी हलवली. बरणीतलं सगळं पांढरं आणि घट्ट झालं.

"हे काय?" रोस्विता दारात उभी होती. "दही लावलंस?"

"अर्क आहे. मलई धरलीय."

"अरे, नुसत्या एकत्र ओतायच्या नसतात त्या! आधी एक पाण्यात ढवळायची, मग दुसरी. नाहीतर खडू होतो. योआखिमने मला..."

"योआखिमने, योआखिमने!" डेटलेफ बरणी पोटाशी धरून घरी गेला आणि खडू बादलीत ओतला. मुळांवर पाणी फिरवणारा बादलीतला पंप दोनदा खोकला आणि बंद पडला. डेटलेफने सुईने नळी कोचली, फुंकली, पंपाच्या आईचा उद्धार केला. प्लग मात्र त्याने काढला नाही. पंप चांगला आहे, दमलाय, असं तो आठवडाभर सांगत राहिला. झाडाने तोवर मान टाकली.

रविवारी योआखिम आला. उन्हाने तांबूस झालेला, हातात कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा. आधी आपलं झाड बघून तो डेटलेफकडे आला आणि घरात पाऊल टाकताच त्याने रोस्विताला मिठी मारली.

"काय जादू केलीस गं! टोकं करपायची थांबली, कळ्या मुठीएवढ्या झाल्यात! मी मूर्ख, इतके दिवस खत जास्तच घालत होतो की काय?"

"तू दाखवलंस तेवढंच घातलं मी," रोस्विता लाजली. "बाकी नुसत्या गप्पा."

"मग चावी तुझ्याकडेच राहू दे. कायमची."

डेटलेफने तोंड उघडलं. जादू कुणाची होती हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ती कशी केली हेही. त्याने तोंड मिटलं.

तेवढ्यात योआखिमला पदकांखालचं झाड दिसलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग तो घरी गेला आणि त्या दोन बाटल्या घेऊन आला.

"घे लेका. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. मी नव्या आणीन. पण जपून हं, फार जहाल आहेत."

"आभार मान त्याचे," रोस्विता म्हणाली.

डेटलेफने आभार मानले.

तेव्हाच बादलीतला पंप आपणहून सुरू झाला. नळीतली पांढरी गुठळी उडाली आणि मधल्या पदकाला चिकटली. ते पहिल्या नंबरचं होतं.