पाकाची गोळी

केरबा गुळव्यानं चाळीस वर्षं उकळत्या पाकाची गोळी बोटांनीच वळून गूळ झाला का ते पारखलं होतं. यंदा हाताला फोड आले, तरी त्याला कळलं नाही. नसांना जुनाट सूज येऊन चटका कळवणारे बारीक तंतूच मेलेत, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

गुऱ्हाळावर त्यानं लेकीला पुढं केलं. "अंजे, तू बघ."

गार पाण्यात बोटं भिजवून तिनं काहिलीतला उकळता पाक उचलला. "आई गं! आबा, भाजलं!"

"मलाबी पयल्यांदा असंच भाजलं हुतं," तिच्या बोटांवर फुंकर घालत तो म्हणाला. "माझ्या बानं अशीच फुंकर घातली हुती. किती गार वाटलं हुतं तवा!"

त्याचे डोळे भरले. "गोळी झाली का, पोरी?"

"झाली, आबा. मऊ."

"उतरवा काहील!" केरबाचा जुना, खणखणीत आवाज गुऱ्हाळभर घुमला.