काळी होणारी दाढ

मुलांनो, समजा, बूट घ्यायचे म्हणून आईनं तुम्हाला वाशीला नेलं आणि रिक्षा थांबली दातांच्या दवाखान्यापाशी. पाच वर्षांच्या क्रांतीचं असंच झालं. खुर्चीत बसताच तिनं ओठ घट्ट मिटले. किडलेल्या दाढेवर आज औषध लागलं नाही, तर ती काढावीच लागणार होती. “सुई नाही, मशीन नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. क्रांतीनं त्यांचे खिसे चाचपले. सुई सापडली नाही, तरी संशय फिटेना. “मग काय करणार?” तिनं ओठांच्या फटीतून विचारलं. डॉक्टरबाईंनी इवलासा ब्रश दाखवला. “औषध लावणार. दुखणार नाही. पण चव घाण आहे, आणि कीड काळी होईल. दाढ पडेपर्यंत काळीच राहील.” “काळीबिळी नाही होत हां, बाळा,” आई घाईनं म्हणाली, “गोड औषध आहे.” मग क्रांतीनं आईच्या तोंडावर हात ठेवला आणि मोठ्ठा आ केला.