चमकती पट्टी

पोरांनी सोंगं घेऊन, ओसरीत दिवा असेल त्याच घरी चॉकलेटं मागायची, हा हॅलोविनचा नियम. कोपऱ्यावरच्या कोवाल्स्कीची मुलगी एका हॅलोविनलाच अपघातात गेली, तेव्हापासून त्याचा दिवा लागला नव्हता. आज मात्र म्हातारा अंधारात पायरीवर बसून पोरांना बोलावत होता. लोरेनच्या मनात पाल चुकचुकली. पाहते तर तिची लेक टेसा, वटवाघळाच्या काळ्या वेषात, त्याच्यापुढे पाठमोरी उभी. “काय चिकटवलंत?” “पट्टी आहे, बाई. उजेडात चमकते.” “हात लावायचं काम नाही.” लोरेननं पट्टी उपटून मुठीत चुरगाळली. “तुला ना आई, सगळेच चोर दिसतात,” फणकारून टेसा रस्त्यापलीकडच्या दिव्याकडे पळाली. वळणावरून गाडी आली. लोरेन हात पसरून आडवी धावली. करकचून ब्रेक लागला. “पोर दिसलीच नाही,” ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “तुमचा हात तेवढा चमकला.” लोरेननं लेकीला पुन्हा म्हाताऱ्यापुढे पाठमोरं उभं केलं.