आज कशा आहात?

फोन वाजला तशी शिवांजली उठली आणि आठव्या महिन्याचं पोट सावरत मागच्या दाराशी गेली. वीरधवलचा घास हातातच राहिला.

"आज कशा आहात?" पुरुषाचा आवाज त्याला इथवर ऐकू आला. मऊ, शिकलेला. मग शिवांजली जी बोलत सुटली ती थांबेचना. झोप नाही, पायाला सूज, बाळ सारखं डावीकडं लाथा मारतंय. पलीकडचा माणूस तिचं बोलणं मध्ये एकदाही तोडत नव्हता.

वीरधवलच्या अंगाचा तिळपापड झाला. कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर लेथवर लोखंड कातणारा गडी तो. आपल्या बायकोला कुणी अहो-जाहो केलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. स्वतः तर कधी केलंच नव्हतं!

"कोण हाय त्यो?" ती आत आल्यावर त्यानं विचारलं.

"सांगलीच्या दवाखान्यातला फोन हाय. बीपीच्या गोळीचा अभ्यास चाललाय, मी हाय न्हवं त्यात."

"आन् त्याला तुझी समदी गाऱ्हाणी कशाला सांगायची?"

"बोललं की बरं वाटतंय." ती ताटं उचलू लागली.

"उद्यापासनं बंद. नाव काढून टाक."

शिवांजली वळली. "पहिल्या खेपंला बीपीनंच बाळ गेलं. तवा डॉक्टर काय म्हणालं? गरोदर बाईवर ही औषधं कुणी तपासतच न्हाई, आमी अंदाजानं देतो. आता तपासत्यात. मी नाव काढणार न्हाई."

वीरधवलच्या डोक्यात मात्र किडा शिरला तो शिरलाच. रोज संध्याकाळी फोन, रोज ते गुलूगुलू. मत्सरानं त्याला जेवण गोड लागेना. आपण होऊन 'पाय दुखत्यात का?' एवढं विचारायचं त्याला सुचलं नाही. सुचलं ते इतकंच, की त्या माणसाचं थोबाड एकदा बघायचं.

शनिवारी त्यानं सुट्टी टाकली, गाडीला किक मारली आणि थेट सांगलीचा दवाखाना गाठला.

"माझ्या बायकोला, शिवांजलीला, रोज फोन करणारा डॉक्टर कुठाय? बोलवा त्याला भाईर."

अभ्यासाचं काम बघणाऱ्या नर्सबाईंनी त्याच्या आवळलेल्या मुठी पाहिल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, तो डॉक्टर नाही, मशीनचा आवाज आहे. सगळ्या बायकांना तोच फोन जातो. बरं असेल तर एक दाबायचं, त्रास असेल तर दोन. दोन दाबलं की आम्ही बोलावून घेतो. बटण दाबलं की फोन आपोआप कट."

"पर ती तर लय येळ बोलत बसती," वीरधवल म्हणाला.

"कुणाशी? पलीकडं कोणीच नसतं. ताईंना मी पहिल्याच दिवशी समजावलंय तसं."