गुरुवारचं टेबल

“रडून झालं की सांगा,” बाई म्हणाल्या. “घाई नाही.”

बेकरीवाल्याने रुमालाने तोंड पुसलं. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या त्या टेबलावर पाटी होती : थकीत कर्जाबद्दल मोफत सल्ला, दर गुरुवारी चार ते सहा. तो आला तेव्हा पाटीमागच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या, मांडीवर रबर लावलेली जाडजूड फाइल घेऊन. समोरच्या खुर्चीचा एक पाय डगमगत होता, पण त्याला कशाचंच भान नव्हतं. तो टेकला आणि त्याचा बांधच फुटला.

मग सगळं सांगितलं. पाठीचं ऑपरेशन, आठ महिने थंड पडलेली भट्टी, चुकलेले हप्ते. बेकरी विकूनही बँक आणि मैद्याचा व्यापारी उरलेच. आता बायकोने एक गाळा हेरला होता, पण गाळामालक आधी पत-अहवाल मागत होता, आणि याची पत तर पार धुळीला मिळालेली. गाळा हुकला तर जन्मभर मेव्हण्याच्या बेकरीत पीठ मळणं आलं. मेव्हणा पगार कमी आणि टोमणे जास्त द्यायचा.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. “पुढच्या गुरुवारी सांगते,” म्हणाल्या.

बाई पक्क्या आहेत, त्याला वाटलं. उगाच तोंडाची वाफ दवडत नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी एक कागदच पुढे सरकवला. अहवालाची प्रत मागवा. फोनवर काही कबूल करू नका, लेखी मागा. झेपेल तेवढाच हप्ता बोला.

“आणि बँकवाले नाही म्हणाले तर?”

“तर मला येऊन सांगा. शब्दन् शब्द.”

ते नाहीच म्हणाले. त्याने शब्दन् शब्द सांगितलं. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. “मग? चिडले का? तुम्ही काय म्हणालात?”

अहवालात एक फेडलेलं कर्ज थकलेलं दाखवलं होतं. तक्रार केली, महिन्याभरात ते निघालं. तिसऱ्या फोनला बँक नरमली आणि दंडव्याज माफ झालं. मैद्याच्या व्यापाऱ्याकडे जायचं मात्र त्याच्या जिवावर आलं होतं.

“समोर आलेल्याला कुणी खात नाही हो,” बाई म्हणाल्या. “तोंड चुकवणाऱ्याचाच राग येतो.” एवढं बोलून त्यांनी फाइलवरचं रबर उगाचच ताणलं आणि सोडलं.

व्यापाऱ्याने आधी पाणी दिलं, मग वर्षाची मुदत दिली.

“तुम्ही बँकेत होता का?” त्याने एकदा बाईंना विचारलं.

“बँकेत जाणं-येणं असतं माझं,” म्हणत बाईंनी पान उलटलं.

चौदा महिन्यांनी तो आला तो खिशात गाळ्याची किल्ली आणि हातात नव्या भट्टीतला पहिला पाव घेऊन. पाव अजून गरम होता. त्याला इतका आनंद झाला होता, की बोलताना शब्द एकमेकांवर आपटत होते.

“तुमच्या साहेबांचा पत्ता द्या, बाई. चार पानी कौतुक लिहून पाठवतो!”

बाईंचे डोळे भरून आले. “साहेब कुठले?” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी फाइलचं रबर काढलं. आत पाकिटंच पाकिटं होती, बरीचशी न फोडलेली. प्रत्येकावर बाईंचंच नाव होतं.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” त्या कसनुसं हसल्या. “त्या गुरुवारी मीपण सल्लागाराचीच वाट बघत होते. ते अजून आलेले नाहीत. ती खुर्ची हलते म्हणून मी इकडे बसले, तर तुम्ही येऊन रडायलाच लागलात.”

त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्याला पाटीमागची खुर्ची दाखवून स्वतः डगमगत्या खुर्चीत टेकल्या.

“आता तुम्ही सांगा. पहिला फोन कुणाला लावू?”